नव्या गाडीला चाल कुणाची?

नीरू पहिल्यांदा चालली ती माझ्या माहेरच्या पडवीत. खांबाला धरून उभी होती. समोर बाबा उकिडवे बसून टाळ्या वाजवत होते आणि मधूनच "सावधान!" म्हणत होते. सगळी नोकरी हायस्कुलात पी.टी. शिकवण्यात गेलेला माणूस, नातीलाही ऑर्डरच देणार. नीरूनं खांब सोडला, दोन्ही हात पसरले आणि निघाली. उजवा पाय पुढे, मग डावा जरासा ओढत, कमरेतून एक झोका देऊन. पुन्हा उजवा. पुन्हा तो झोका. पाचसहा पावलं टाकून ती बाबांच्या अंगावर कोसळली.

"अगदी कुंदा गो!" बाबा ओरडले. "बघितलंस बाय? अगदी तुझी आई!"

आम्ही दोघं हसलो. आईच होती ती. स्वयंपाकघरातून पडवीत येणारी, काठोकाठ भरलेल्या कपातला एक थेंबही न सांडणारी आई गुडघ्याएवढी होऊन चालत आली होती. आईला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तिचं हसणं, तिचा आवाज, सगळं फोनमध्ये साठवलेलं होतं, पण ते लावायचा धीर आम्हा दोघांनाही होत नव्हता. आणि ही पोर न विचारताच तिला घेऊन आली.

आधी मी हसायची थांबले. मग बाबा.

आईचा डावा पाय पोलिओनं गेलेला होता. पोलिओ झालेली शेवटची काही मुलं तिच्याच पिढीतली. नीरूचे दोन्ही पाय चांगले आहेत.

*

डॉ. शाहीन मुकादम लहान मुलांच्या मेंदूच्या डॉक्टर. बोलायला मोकळ्या, पण हात लावताना मांजरासारख्या हळू. त्यांनी नीरूचे पाय मोजले, खुब्याचा सांधा फिरवून बघितला, मणक्यावरून बोट फिरवलं, तिला चेंडूमागे पळवलं. मग म्हणाल्या, "पाय ठणठणीत आहेत. मला सांगा, चालगाडी कुठली आहे तुमच्याकडे?"

"तीन चाकी. शिकणारी."

"तिला चाल कुणी दिली?"

"आईनं," मी म्हटलं, आणि म्हणतानाच सगळं लक्षात आलं.

आता घरोघर चालगाड्या आहेत, त्यामुळे त्या कशासाठी आल्या हे आपण विसरून गेलोय. आपल्या कानाच्या आत, ऐकण्याच्या भागाला लागूनच, तीन अर्धगोल नळ्या असतात. त्यांत पाण्यासारखा द्रव असतो. डोकं हललं की तो डचमळतो, तिथले बारीक केस वाकतात आणि मेंदूला कळतं, आपण इकडे झुकलो. बाळ जन्मतं तेव्हा हे यंत्र तयार असतं, पण त्याला ताल नसतो. ताल मिळतो कडेवर. जो उचलून घेऊन फिरतो, त्याच्या पावलांचा हेलकावा बाळाच्या डोक्यात महिनोन् महिने मुरत राहतो, आणि एक दिवस ते स्वतः उभं राहतं तेव्हा त्याचे पाय तोच हेलकावा शोधायला लागतात. हे शिकवणं हजारो वर्षं कुणाच्या लक्षातही न येता चाललं होतं. मग आयांना कडेवर घ्यायला वेळ उरला नाही. लोण्यावरून घसरावं तशा घरंगळणाऱ्या बाबागाड्या आल्या. आणि काही वर्षांनी दिसायला लागलं, की मुलं उशिरा चालतायत, चालली तरी सपाट जमिनीवर पडतायत.

चालगाडी हा त्यावरचा उपाय. गाडी ढकलणाऱ्याची चाल तिच्या दांडीला कळते, आणि सीटखालच्या छोट्या मोटरी बाळाला अगदी तसाच हेलकावा देतात. कडेवर घेतल्यासारखा. चाकं तीनच, कारण तिवई कधी डगमगत नाही. तीन पाय कसल्याही जमिनीवर टेकतात. चार असले की एक अधांतरी राहतो आणि त्याचा हिसका चालीत मिसळतो. आमच्या रत्नागिरीच्या जांभ्याच्या वाटांवर तर नक्कीच. पहिले काही आठवडे गाडी एकाच माणसाकडून शिकते, चालही आणि नेहमीची वळणंही. मग तिला कुलूप लागतं. त्यानंतर ती कुणीही ढकला, नाहीतर मोटरवर एकटी सोडा, चाल तीच राहते. बाळाला दोन चाली मिळाल्या तर त्याचा मेंदू गोंधळतो, म्हणून ते कुलूप.

माझं पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी. सव्वा महिना आईनं मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. डोक्याला फडकं, खाटेखाली शेगडी, सकाळ-संध्याकाळ डिंकाचा लाडू. गाडी द्यायला आलेल्या माणसानं विचारलं होतं, "घरात सगळ्यात ठाम पाऊल कुणाचं?" बाबा पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "आमच्या हिचं. हिच्यासारखं ठाम कोण चालत नाय." आई पाटावर बसून लसूण सोलत होती. लाजली. त्या माणसानं तिचं नाव घातलं आणि तो गेला. त्यानंतर आई उठली, पदर खोचला, नीरूला गाडीत घातलं आणि स्वयंपाकघरापासून अंगणापर्यंत फेऱ्या मारायला लागली.

बाबा, मी आणि आई स्वतः, आम्ही तिघंही तिथेच होतो. एकाच्याही मनात आलं नाही, की आई लंगडते.

बाहेरच्या माणसाला हे खरं वाटणार नाही. पण आमच्या घरात ते दिसणंच बंद झालं होतं. मी लहान असताना मला चालायला लाकडी पांगुळगाडा आणला होता. त्याला आमच्याकडे नुसतं 'गाडा' म्हणायचे. अर्धा शब्द बाबांनी फाटकाबाहेरच ठेवला होता. शाळेत कुणीतरी मला 'लंगडीची पोर' म्हणालं, तेव्हा घरी येऊन मी आईला विचारलं होतं, "आई, लंगडी कोण?"

"मेंदू अजून मऊ आहे," डॉक्टर म्हणाल्या. "दोन वर्षांची होईपर्यंत दुसरी चाल दिलीत तर घेईल. पण जुनी गाडी घरात नको."

"नाही बसवणार तिला त्यात."

"बसवायचं सोडा. या इकडे."

त्यांनी नीरूला टेबलाला धरून उभं केलं आणि मला आमची गाडी घेऊन बाहेर पाठवलं. दार अर्धवट उघडं होतं. मी गाडी मोटरवर सोडली. एक टप्पा लांब, एक आखूड. टप् सर्र. टप् सर्र. आत नीरूची पाठ माझ्याकडे होती. ती जागची हलली नव्हती, तरी तिचा डावा खुबा उचलला जायला लागला. टप्. आणि खाली. सर्र.

"नाही बदलली तर?" मी विचारलं.

"तर अशीच चालेल. आयुष्यभर. पंधराव्या वर्षी कंबर धरेल, तिशीत सांधा झिजेल." त्या जरा थांबल्या. "तुमच्या आईंना तसं चालावं लागलं. हिला नाही लागत."

*

अवघड होतं ते बाबांना सांगणं.

आमचं घर माहेरापासून दोन वळणांवर आहे. आई गेल्यापासून बाबा रोज संध्याकाळी यायचे, नीरूला गाडीत घालायचे आणि खाडीच्या बांधावर फिरायला न्यायचे. परत यायला पुरता तास लागायचा. मला तेवढाच श्वास मिळायचा. डाळ शिजवायची, केस विंचरायचे, सौमित्रला फोन करायचा. माझा नवरा समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला. महिन्याचा बराच भाग तो पाण्यातच असतो.

एकदा नीरूचं टोपडं राहिलं म्हणून मी मागून गेले. बाबा दांडी धरून चालतच नव्हते. गाडी मोटरवर सोडून ते तिच्या उजव्या बाजूनं चालले होते. हात मागे, मान जरा डावीकडे कललेली. आणि बोलत होते.

"जास्वंदीला मावा पडलाय. तंबाखूचं पाणी मारलं. तू असतीस तर राख मारली असतीस, ठाऊक आहे मला."

टप् सर्र, गाडी चालली होती. नीरू गाढ झोपली होती. मी टोपडं हातात घेऊन तशीच परत आले.

डॉक्टरांकडून आले त्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर बांधावर गेले. एका दमात सगळं सांगून टाकलं. बाबांनी गाडी थांबवली. ओहोटी होती, चिखलात बगळे उभे होते.

"मीच सांगितलं होतं त्या माणसाला," ते म्हणाले. "ठाम म्हणून."

"ठामच होती ती, बाबा."

"होती." त्यांनी नीरूचं पांघरूण विनाकारण नीट केलं. "आणि गाडी ठेवून दिली तर? माझ्याकडे, माडीवर. पोर येईल तेव्हा बंद."

मला हो म्हणायचं होतं. मनात म्हटलंही, की डॉक्टरांना काय कळणार आहे, माडीचं दार जाड आहे. पण मी तोंड उघडायच्या आत बाबांनीच मान हलवली.

"नको. ठेवली तर मी चालवणार. चालवली तर ही ऐकणार. आणि मग एक दिवस माझ्या मनात येईल, की पोर आज आली नाय तर बरं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तसं मनात येता कामा नये, बाय. दुसरी गाडी बघू या. उद्याच."

*

दुकानात शिरताच बाबांनी चाकं दाबून बघायला सुरुवात केली. दुकानातली रोशनी म्हणून मुलगी, वेणीत पेन खोचलेली, हसू दाबत उभी.

"आजोबा, सायकल नाही ती."

"चाक ते चाक. हवेचं की भरीव?"

"भरीव. पंक्चरची भानगड नाही."

"मग जांभ्यावर दात वाजतील पोरीचे. हवेचं दाखव. आणि ब्रेक बघू. हात सुटला तर उतारावर थांबते?"

"थांबते. सोडून बघा हवं तर."

"सोडू? अगो, रिकामा पाळणा हलवत नाहीत, तशी रिकामी गाडी सोडत नाहीत. ये नीरू, बस."

एकंदरीत गाड्या तीन प्रकारच्या. साध्या, नुसत्या घरंगळणाऱ्या. त्या आमच्या उपयोगाच्या नव्हत्या. दुसऱ्या तयार चालीच्या. हजारो निरोगी माणसांच्या चाली एकत्र करून काढलेली एक सरासरी चाल कंपनीनंच त्यांत भरलेली. आणि तिसऱ्या आमच्यासारख्या, शिकणाऱ्या.

"तयार चालीची घ्या ताई," रोशनी म्हणाली. "शिकवायची कटकट नाही. दहातले नऊ जण हीच नेतात."

सौमित्रला फोन लावला. मागे वाऱ्याचा आवाज. "घे ना मग तीच," तो म्हणाला. "एकदाचा प्रश्न मिटेल. आईंचं वाईट वाटतंय मला पण. पण नीरूचं बघ."

मी नीरूचंच बघत होते. तयार चालीची घ्यायची असं जवळजवळ ठरलंही. पण बाबा काचेपाशी जाऊन उभे राहिले होते. समोर बालवाडीचं मैदान होतं आणि शाळा सुटत होती. मुलं फाटकाकडे निघाली होती. गप्पा मारत, ढकलाढकली करत, कुणाची चप्पल हातात, कुणाचं दप्तर जमिनीवर. पाय मात्र सगळ्यांचे एकदम पडत होते. पाठोपाठच्या दोन मुली, पलीकडचा एक गब्दुल मुलगा, बाईंचा हात धरलेलं एक रडकं पोर. सगळ्यांच्या खांद्यांना एकच झोका.

"हे कुणी शिकवलं यांना?" बाबांनी विचारलं.

"कुणी नाही. तयार चालीची मुलं आहेत ती," रोशनी म्हणाली. "छान दिसतं ना?"

"बाय," बाबा काचेकडे बघतच म्हणाले, "मी जन्मभर पोरांना एका तालात चालवलं. पंधरा ऑगस्टला. पाच मिनिटं. मग विश्राम म्हणायचो, आणि पोरं पांगायची. कोण कसा, कोण कसा. मला ते पांगणं बघायला आवडायचं." ते वळले. "हिला माणसाची चाल दे. कुणाची पण, पण माणसाची."

मग शिकणारीच ठरली. प्रश्न राहिला कुणाची.

अर्थात माझी. दुकानात लांब पट्टा होता, त्यावरून मी नीरूला घेऊन गाडी ढकलत गेले आणि आले. रोशनीनं वेणीतलं पेन काढून डोकं खाजवलं.

"ताई, डाव्या पायाला कधी काही लागलं होतं?"

"नाही."

"नक्की? लहानपणी?"

तिनं नीरूला उचललं, माझा तळवा सीटवर ठेवला आणि माझीच चाल मला परत ऐकवली. आधी काही कळलं नाही. मग कळलं. भिंतीपलीकडच्या खोलीत कुणी कूस बदलावी इतका तो हलका होता. पण होता. डाव्या बाजूचा झोका.

"कुणाच्या कडेवर वाढलात?" रोशनीनं सहज विचारलं.

मी हात काढला नाही. एवढी वर्षं मी बाजारात, बसस्टॉपवर, लग्नात सात पावलं, सगळीकडे हे घेऊन चालत होते आणि कुणी मला सांगितलं नव्हतं. अंगावर काटा आला, आनंदानं. आणि त्याच वेळी कळलं, की मी बाद झाले.

सौमित्र पाण्यात. रोज चालवायला हवं, एकाच माणसानं. बाबांनी शर्ट पँटमध्ये नीट खोचला आणि पुढे आले.

"वा आजोबा, पाठ बघा यांची!" रोशनी म्हणाली. खरंच, सत्तरी ओलांडली तरी बाबांची पाठ फळीसारखी आहे. ते पट्ट्यावरून गेले. आले. रोशनीनं पुन्हा जायला सांगितलं. पुन्हा.

"आजोबा, तुम्ही थांबताय."

"मी? मी कुठे थांबतोय?"

"दर दुसऱ्या पावलाला. अगदी जराऽसं. थांबता आणि मग निघता."

"शक्य नाय. मी पी.टी. टीचर आहे."

"चला परत."

या वेळी ते मनात मोजत होते, ओठ हलताना दिसत होते. एक-दोन, एक-दोन. तरी ते झालं. मलाही दिसलं आता. उजवं पाऊल पडायचं, आणि डावं उचलायच्या आधी सगळं शरीर क्षणभर तसंच राहायचं, मान किंचित डावीकडे.

रोशनी हसली. "कुणासाठी थांबताय हो?"

चेष्टेतच म्हणाली बिचारी. मग तिनं आमची तोंडं बघितली आणि पेन परत वेणीत खोचलं.

"हे असंच राहिलं तर?" बाबांनी विचारलं.

"गाडी शिकेल ते. आणि मग बेबी पण थांबेल. दर दुसऱ्या पावलाला. ती कशासाठी थांबते ते तिला कळणारच नाही." तिनं आवाज खाली आणला. "पण ही पायाचीच सवय आहे, आजोबा. सुटते. रोज चाला. नीट पडायला लागलं की दांडीवर हिरवा दिवा लागेल, तेव्हाच गाडी शिकायला सुरुवात करेल. तोवर ती नुसती बघते."

बाबांनी मान हलवली. मग म्हणाले, "हीच द्या. निळी आहे का?"

*

जुनी गाडी कंपनीला परत जायची होती. त्याआधी तिच्यातली चाल पुसायची, कारण ती दुसऱ्या कुणाच्या बाळाला जाता कामा नये.

रविवारी दुपारी बाबांनी नीरूला शेजारच्या काकूंकडे पाठवलं. मी माहेरी गेले तेव्हा ते पडवीत जमिनीवर बसले होते. मलाही त्यांनी बाजूला बसवलं. गाडी आत स्वयंपाकघरात, ओट्यापाशी उभी केली होती. रिकामी नको म्हणून तिच्यात आईची उशी ठेवलेली.

"डोळे मीट," बाबा म्हणाले.

"बाबा."

"मीट गो."

मी मिटले. बाबांनी फोनवरून मोटर लावली असणार, आतून आवाज आला. टप् सर्र. ओट्यापासून निघाली. मधल्या घरात आली. तिथे कपाटाचा कोपरा पुढे आलेला आहे, आई तिथे नेहमी जरा तिरकी व्हायची. गाडीही तिरकी झाली, आईनंच शिकवलेलं वळण घेऊन. टप् सर्र. उंबरा. उंबऱ्यावर ती नेहमी एक उसासा टाकायची. तो आला नाही. बाकी सगळं आलं. आई माझ्यामागे पडवीत येऊन उभी राहिली, इतकी जवळ, की आता ती म्हणणार, सरकून बस गो, वाटेत कशाला बसलीस.

मी सरकून बसले.

डोळे उघडले तेव्हा बाबांचा हात गाडीच्या दांडीवर होता. पुसायचं बटण बराच वेळ दाबून धरावं लागतं, चुकून पुसलं जाऊ नये म्हणून. बाबांनी दाबलं. मध्येच सोडलं. माझ्याकडे बघितलं नाही. पुन्हा दाबलं आणि या वेळी सोडलं नाही.

एक बारीक शिटी वाजली, कुकरची वाजते तशीही नाही, त्याहून साधी. मी उठले, गाडी अंगणात नेली. ती घसरत गेली. नुसती घसरत गेली.

*

नवी गाडी घेऊन बाबा रोज बांधावर जायला लागले. पहिले काही दिवस मी बरोबर जायचे. ते मोठ्यानं मोजायचे. "एक-दोन! एक-दोन!" येणारे-जाणारे हसायचे. त्यांचा एक जुना विद्यार्थी स्कूटर थांबवून म्हणाला, "काय सर, परेड?"

"होय! तू पण ये, पोट सुटलंय तुझं!"

पण थोडं पुढे गेलं की मोजणं थांबायचं, आणि मग पाऊल. पडायचं, राहायचं. दांडीवरचा दिवा लागायचा नाही. बाबा स्वतःवरच चिडायचे. "नालायक पाय. ऐकत नायत मेले." एकदा त्यांनी पायावर हातानं फटका मारला, खरंच मारला, आणि नीरू गाडीतून खिदळली. तिला वाटलं खेळ आहे. मग त्यांनी तिच्यासाठी आणखी दोनदा मारला.

एकदा मी म्हटलं, "बाबा, आपण तयार चालीची आणू या. एवढं नका करू."

त्यांनी पुन्हा मोजायला सुरुवात केली. पायरीपाशी आल्यावर म्हणाले, "लग्न झालं तेव्हा मी फार भरभर चालायचो. ती कधी 'थांबा' म्हणाली नाय. एकदा बाजारात मागे वळून बघितलं तर ती पार लांब होती, दोन्ही हातांत पिशव्या, आणि हसत होती. तेव्हापासून." ते गाडीतल्या नीरूकडे बघत होते. "ते पाऊल मीच मला शिकवलं, बाय. आता मीच काढणार."

नीरूचं चालणं वाढत होतं. आता ती घरभर फिरायची, उजवा, आणि डावा ओढत. डॉक्टरांच्या दोन वर्षांना फार दिवस उरले नव्हते. मला तिच्याकडे बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवत नव्हतं. खोटं कशाला बोलू, कधी कधी ती पाठमोरी चालत जाताना मला वाटायचं, राहू दे. कुणाचं काय जातंय. मग तिच्या त्या चांगल्या, गुबगुबीत पायाकडे बघायचे आणि माझीच मला लाज वाटायची.

काल बाबा आले, नीरूला गाडीत घातलं, पट्टा लावला. मी चपला घालायला लागले, तर म्हणाले, "तू थांब आज."

"का?"

"तू डाव्या बाजूनं चालतेस. मला पावलं ऐकू येतात तुझी." ते ओशाळल्यासारखे हसले. "चहा टाक. येतो मी."

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बांधाचं पहिलं वळण दिसतं. मी आधण ठेवलं आणि खिडकीशी उभी राहिले. बाबा दिसले. पाठ ताठ, निळी गाडी, वर नीरूचा हलणारा हात. एक पाऊल, आणि थांबले. दुसरं, आणि थांबले. वळणापाशी ते पूर्ण उभेच राहिले. मान डावीकडे वळवली. मला वाटलं आता परत फिरतील. त्यांनी काहीतरी म्हटलं. नीरूला नव्हे, तिकडे. दोनच शब्दांचं असेल.

मग त्यांनी मान सरळ केली आणि निघाले. मी मोजत होते. मोजायचं नव्हतं, पण मोजत होते. एक, दोन. एक, दोन. पाय पडत होते, उचलत होते, मध्ये काही राहत नव्हतं. शाळेच्या मैदानावर मी लहानपणी बघितलेला, शिट्टी गळ्यात घातलेला तो तरणा माणूस खाडीच्या कडेनं तरातरा निघून गेला आणि वळणाआड दिसेनासा झाला. एकदाही त्यानं मागे बघितलं नाही.

मी आल्याचा तुकडा ठेचला. दूध बघितलं. गॅस बारीक केला. चहा मुरतोय तोवर, अर्ध्या तासाच्या आतच, फाटक वाजलं.

बाबा पायरीशी उभे होते. घामाघूम. दांडीवरचा दिवा हिरवा होता. नीरू गाडीत जागी होती आणि डोकं एका नव्याच तालावर हलवून बघत होती.

"एवढ्यात आलात?" माझ्या तोंडून निघून गेलं.

बाबांनी पट्टा सोडवला, नीरूला माझ्याकडे दिलं आणि पायरीवर बसून चपला काढायला लागले.

"होय," ते म्हणाले. "एकट्याला काय वेळ लागतो."